अँजिओप्लास्टीनंतर मासे सांगितलेत. मग सुरमई आणायची की तारली?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: "सासरे ६२ वर्षांचे, तालमीत वाढलेले, आठवड्यातून चार वेळा मटण खाणारे. मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी मटण कमी करून मासे खायला सांगितलेत. आम्ही सुरमई, पापलेट आणतो आणि रवा लावून तळतो. बांगडा-तारलीत तेल फार म्हणून टाळतो. पण खर्च झेपेना झालाय. नदीचा मासा चालेल का? कोळंबी द्यावी का? की सरळ फिश ऑइलच्या गोळ्याच सुरू करू?"

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य तेवढं उलटं करायचं आहे. बांगडा-तारलीत तेल असतं म्हणून तुम्ही ते टाळताय, आणि डॉक्टरांनी मासे सांगितलेत ते त्याच तेलासाठी. म्हणजे महागडा मासा आणून तुम्ही नेमकी हवी ती गोष्ट बाजारातच ठेवून येताय.

मी वीसेक वर्षं कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्याआधी दोन वर्षं रत्नागिरीकडे एका प्रयोगशाळेत माशांची चरबी काढून तपासायचं काम केलं. त्या दोन वर्षांत जे डोळ्यांनी पाहिलं त्यामुळेच आज मी एवढ्या ठामपणे बोलते. माशाचं मांस वाटून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात घुसळायचं, गाळायचं, पाणी घालून स्थिर होऊ द्यायचं. खाली क्लोरोफॉर्मचा थर बसतो, तो वेगळा काढून उडवला की फ्लास्कच्या तळाशी उरते ती माशाची चरबी. बोंबलाची असेल तर काचेवर नुसता धुरकट पट्टा दिसायचा. पापलेटची जरा बरी. आणि पावसाळा संपल्यानंतरच्या तारलीची असेल तर फ्लास्क कलता केला की पिवळसर तेल ओघळत एका बाजूला गोळा व्हायचं. वजन तेवढंच मांस घेतलेलं, आणि फरक असा की तराजूची गरजच वाटू नये.

पुढे ती चरबी यंत्रात घालून तिच्यातली फॅटी ॲसिडं, म्हणजे चरबी ज्या कार्बनच्या साखळ्यांची बनते त्या, वेगळी करायची. कागदावर एकेका ॲसिडाचा सुळका उमटत जातो. आधी १४ कार्बनचं मिरिस्टिक, मग १६ कार्बनच्या पामिटिकचा उंच सुळका, मग १८ कार्बनचं स्टिअरिक आणि ओलेइक. हे सगळं मटणाच्या चरबीतही असतं. मटणात सहसा जवळजवळ न दिसणारे दोन सुळके त्यानंतर येतात: २० कार्बनचं ईपीए, आणि अगदी शेवटाकडे २२ कार्बनचं डीएचए. बाजारात ज्याला 'ओमेगा ३' म्हणतात त्यातला समुद्राचा वाटा म्हणजे ही दोन. त्या शेवटच्या सुळक्याची वाट बघत आम्ही यंत्रापुढे बसून राहायचो.

या दोघांत एवढं विशेष काय? ईपीएच्या साखळीत पाच दुहेरी बंध असतात, डीएचएच्या सहा. प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते, त्यामुळे हे रेणू एकमेकांना चिकटून घट्ट बसू शकत नाहीत. स्टिअरिक ॲसिड सुमारे ७० अंशांना वितळतं, पामिटिक ६३ ला. डीएचए वितळतं ते उणे ४४ अंशांना. हे घरी बघता येतं. तेल न घालता मटणाचं पाणी काढा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी घट्ट साय धरलेली असेल, नखाने खरवडता येईल अशी. तशीच चार तारल्या नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी ठेवा. वरचे तेलाचे थेंब सकाळीही बहुतेक पातळच असतील. सासऱ्यांना एकदा दोन्ही वाट्या शेजारी ठेवून दाखवा. तालमीतल्या माणसाला 'चरबी वाईट' एवढंच सांगितलं तर पटत नाही, कारण त्यांनी आयुष्यभर अंगात ताकद आणली ती दूध, तूप, मटण खाऊनच. चरबी दोन जातींची असते हे मात्र त्यांना वाटीतच दिसेल.

आता तारलीत ही चरबी येते कुठून ते सांगते, कारण बाजारात काय घ्यायचं ते त्यावरूनच ठरतं. ईपीए, डीएचए मासा स्वतः फारसं बनवत नाही. ते बनवतात समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, त्यातही डायाटम. तारली कल्ले चाळणीसारखे वापरून हे डायाटम थेट गाळून खाते. बांगडा त्याबरोबर छोटे तरंगते जीव खातो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खालचं पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं, डायाटम माजतात, आणि पाऊस सरल्यावर तारली अंगावर चरबी धरते. त्याआधी, पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात, तिचा अंडी घालायचा काळ असतो. तेव्हा अंगातली चरबी गाभोळीकडे, म्हणजे अंड्यांकडे वळते आणि मांस कोरडं पडतं. म्हणून एकाच तारलीत शंभर ग्रॅम मांसामागे कधी दोन-तीन ग्रॅम चरबी असते तर कधी पंधराच्या पुढे. माशाच्या पोषणाचा कुठलाही तक्ता वाचताना हे लक्षात ठेवा. तक्त्यात एक आकडा असतो, समुद्रात वर्षभर तो हलत असतो. ऑक्टोबर ते जानेवारी तारली खाण्याचा काळ, हे कोकणातल्या कुठल्याही मावशी तक्ता न वाचता सांगतील.

एक गफलत शिकलेल्या लोकांकडूनही होते. कुणीतरी वाचून येतं की अमुक पातळ, म्हणजे कमी चरबीचा मासा बघा, त्याच्या चरबीत ३०-३५ टक्के ओमेगा ३ आहे आणि तारलीत २५ टक्केच. आकडा खरा असू शकतो. पातळ माशात जी काही एक टक्का चरबी असते ती मुख्यतः पेशींच्या आवरणांतली, आणि आवरणांत डीएचए भरपूर असतं. पण टक्के चरबीचे आहेत, ताटातल्या माशाचे नाहीत. हिशोब करून बघा. शंभर ग्रॅम पातळ माशात एक ग्रॅम चरबी, त्यातली फॅटी ॲसिडं साधारण ०.७ ग्रॅम, त्याच्या ३० टक्के म्हणजे ०.२ ग्रॅम ओमेगा ३. मध्यम भरलेल्या तारलीत आठ ग्रॅम चरबी धरा, त्यातली फॅटी ॲसिडं सव्वासात ग्रॅमच्या आसपास, त्याच्या २५ टक्के म्हणजे १.८ ग्रॅम. नऊपट. तारलीत ईपीए जास्त आणि डीएचए कमी, बांगड्यात उलटं. पण तुमच्या कामासाठी दोन्ही चालतील.

याच हिशोबाने बाकीचे मासे बघू. बांगड्यात चरबी साधारण तीन ते सहा टक्के धरली तर शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमच्या आगेमागे ओमेगा ३ मिळतं. सुरमई दिसायला दणदणीत असली तरी मांस बऱ्यापैकी कोरडं, दोन-तीन टक्के चरबी. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पापलेट तिच्या जवळपासच, त्यात पामिटिक आणि ओलेइकचा वाटा मोठा. बोंबील म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त पाणी. मुडदुशी बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात ती पचायला हलकी म्हणून, आणि ते बरोबरच आहे, पण तेलासाठी ती नव्हे. रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात, तरी सॅल्मनच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. चवीला उत्तम आहे, सणासुदीला आणा; सॅल्मन समजून दुप्पट पैसे देऊ नका. सुरमई, पापलेट हे वाईट मासे नाहीत. पाणीदार बोंबील सोडला तर सगळ्यांत १७ ते २० टक्के उत्तम प्रथिन आहे, भात आणि ज्वारीत जे लायसिन (प्रथिनातला एक घटक) कमी पडतं ते त्यात भरपूर असतं, बी १२ आहे, आयोडीन, सेलेनियम आहे. मात्र किंमत ठरते काटे किती, तुकडा कसा पडतो आणि हॉटेलला काय लागतं यावर. हृदयाचा त्या किमतीशी संबंध नाही. बांगडा-तारली गरिबांचा मासा म्हणून हिणवली गेली, किनाऱ्यावर बराच माल फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या कारखान्यात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या तव्याकडे येते, कारण निम्मं नुकसान तिथे होतंय. मागे असंच एक कुटुंब माझ्याकडे यायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तिथल्या ताईंना म्हटलं, आज तेल मोजून घ्या. १०० मिली सूर्यफूल तेल तव्यात घेतलं, रवा लावलेले सुरमईचे चार मोठे तुकडे दोन्ही बाजूंनी तळले, उरलेलं तेल मापात ओतलं. ६० मिलीच्या जरा वर भरलं. थोडं तव्याला लागलं असं धरलं तरी तुकड्यामागे दीड-दोन छोटे चमचे तेल रव्याने पिऊन घेतलं होतं. म्हणजे अर्धा ग्रॅम ओमेगा ३ साठी सात-आठ ग्रॅम दुसरं तेल, त्यातलं निम्म्याहून जास्त लिनोलेइक, म्हणजे ओमेगा ६. मासा जितका कोरडा तितकं तो तेल जास्त ओढतो. आणि तेच तेल दुसऱ्या दिवशी परत तापवलं तर आणखी वाईट. ईपीए-डीएचएमधले ते पाच-सहा दुहेरी बंध हवेला आणि उष्णतेला लगेच बळी पडतात.

त्यापेक्षा रस्सा करा. रश्श्यात माशातलं तेल सुटलं तरी ते भांड्यातच राहतं, भाकरीबरोबर पोटात जातं. फक्त आपल्याकडे रस्सा म्हटलं की वर बोटभर कट लागतो. तो कट माशाचा नसतो, फोडणीतल्या तेलाचा असतो. चार माणसांच्या रश्श्याला दोन चमचे शेंगतेल पुरे. कांदा-लसूण चटणी घाला, सासऱ्यांना कोल्हापुरी चव सोडायला लावू नका, पण चटणीत मीठ असतंच, तेव्हा वरून मीठ हात राखून. आमसूल किंवा चिंच जरूर घाला. माशाचा जो उग्र वास येतो तो अमाइन नावाच्या रसायनांमुळे, आणि आंबटपणा त्यांना जागच्या जागी बांधतो, वास उडत नाही. घरात वास नको म्हणून तारली टाळणाऱ्यांना मी हेच सांगते. भाजायची असेल तर हळद-मीठ-लसूण लावून हळदीच्या पानात गुंडाळा आणि जाड तव्यावर झाकून मंद आंचेवर ठेवा. तेल लागत नाही, स्वतःच्या तेलात शिजते.

साफ करताना कातडी काढू नका, पोटाची कड कापून टाकू नका. बांगड्यात चरबी कातडीखाली, पोटाकडे आणि मधल्या काळपट मांसात जास्त असते; शेपटीकडचा भाग सर्वांत कोरडा. तारली लहान असेल तर मधला काटाही मऊ शिजतो, चावून खाल्ला तर कॅल्शियम मिळतं. मांदेलीचंही तसंच.

किती द्यायचं? आठवड्यातून दोन ते तीन वेळा, एका वेळी साफ केलेलं मांस सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच-सहा मध्यम तारल्या किंवा एक मोठा बांगडा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार तुमच्याकडे पाळत असतीलच. अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी रोज २५० मिलीग्रॅम ते २ ग्रॅम ईपीए-डीएचए अशी मर्यादा दिली आहे. वरच्या प्रमाणात तारली-बांगडा खाल्ला तर रोजची सरासरी अर्धा ग्रॅमच्या आसपास सहज पडते. सुरमईवर तेवढं गाठायचं तर जवळजवळ रोज सुरमई लागेल.

कोळंबीचं थोडक्यात. कोलेस्टेरॉल मटणापेक्षा जास्त, शंभर ग्रॅममागे दीडशे मिलीग्रॅम आणि वर. पण एकूण चरबी एक टक्क्याच्या आसपास, संपृक्त चरबी (मटणातली ती घट्ट होणारी जात) नगण्य. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा हात मोठा. महिन्यातून दोनदा, न तळता, चालेल. गाभोळीत ओमेगा ३ चांगलं असतं आणि कोलेस्टेरॉलही खूप. सासऱ्यांना चवीपुरती द्या.

नदीचा किंवा तळ्याचा मासा, म्हणजे रोहू, कटला, प्रथिनासाठी मटणापेक्षा चांगला. पण गोड्या पाण्यातल्या अन्नसाखळीत आणि कोंडा-पेंडीवर वाढवलेल्या माशात ओमेगा ६ जास्त, ईपीए-डीएचए कमी. तो खा, पण तारलीच्या जागी धरू नका. जवसाच्या चटणीचंही तेच: तिच्यात १८ कार्बनचं लिनोलेनिक असतं, तेही ओमेगा ३ च, आणि आपलं शरीर त्यातून ईपीए थोडंसं आणि डीएचए अगदीच नगण्य बनवतं.

गोळ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. १९८९ साली वेल्समधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २,०३३ पुरुष. त्यातल्या ज्यांना आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खायला सांगितलं त्यांच्यात दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. त्यावर जगभर गोळ्यांचा धंदा उभा राहिला. पुढे अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या) रुग्णांवर तसाच प्रयोग झाला तेव्हा फायदा दिसला नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत रोज एक गोळी देऊनही हृदयविकार आणि पक्षाघात मिळून ठळक घट झाली नाही. त्याच वर्षी रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए दिलेल्या, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या रुग्णांत मात्र २५ टक्के घट दिसली. ते औषध आहे, दुकानातली गोळी नव्हे. आणि मोठ्या डोसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हेही या प्रयोगांतून पुढे आलं. सासऱ्यांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असणार. त्यामुळे स्वतःच्या मनाने फिश ऑइल सुरू करू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. डब्यावरचे बारीक अक्षरही वाचा: '१००० मिलीग्रॅम' हे तेलाचं वजन असतं, साध्या गोळीत ईपीए १८० आणि डीएचए १२० एवढंच असतं. मासा खाताना ताटातून मटण हटतं, प्रथिन येतं, ड जीवनसत्त्व येतं. गोळी मटणाबरोबरही गिळता येते, आणि बरेच जण तेच करतात.

राहिला ताजेपणा, आणि घाटावर राहणाऱ्यांसाठी हा खरा प्रश्न आहे. तेलकट मासा पातळ माशापेक्षा लवकर खवट होतो, कारण तेच दुहेरी बंध आणि काळपट मांसातलं लोह. रत्नागिरीचा माल आंबा घाटाने चढतो, मालवणकडचा फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने. रात्री निघालेला मासा सकाळी आपल्या बाजारात असतो, अंतर अडचणीचं नाही, अडचण बर्फाची. माशाएवढाच बर्फ हवा. पाटीत वरून चार खडे टाकलेले असतील तर पुढे जा. बांगड्याचा डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला लाल, पाठ दाबली की खड्डा राहू नये. तारलीचं पोट फुटलेलं असेल तर घेऊ नका. बाजारात जाताना स्टीलच्या डब्यात घरचा बर्फ न्या, आणि मासा दुपारपर्यंत पिशवीत फिरवू नका. बांगडा, तारली, कुप्पा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनातला घटक जास्त असतो. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. लोक म्हणतात बांगडा बाधला, ॲलर्जी आहे. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, गरम राहिलेला मासा असतो, आणि कितीही शिजवलं तरी हिस्टामिन जात नाही. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास तिथेच थांबवा.

१ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात जो बांगडा मिळतो तो शीतगृहातला किंवा लांबून आलेला. घरच्या फ्रीझरमध्ये आधीच साठवायचा विचार असेल तर तेलकट मासा दोन महिन्यांपलीकडे ठेवू नका, आणि पिशवीतली हवा काढून ठेवा. सुका खारा बांगडा सासऱ्यांना नको. मीठ फार, आणि त्यावर जो पिवळट-तांबूस रंग चढतो तो तेल खवट झाल्याचा. मोठी मोरी, मुशी म्हणजे शार्क पुन्हापुन्हा आणू नका, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. घरात कुणी गरोदर असेल तर अजिबात नको. छोट्या, कमी जगणाऱ्या तारलीत ती भीती फार कमी.

सुरुवात या बुधवारी करा. अर्धा किलो बांगडा, तीन-चार मध्यम नग येतील. डोकी काढून आडवे दोन-दोन तुकडे करा, आमसूल घालून पातळ रस्सा करा, ज्वारीची भाकरी करा. पोटाकडचे तुकडे सासऱ्यांच्या ताटात वाढा, शेपटीकडचे बाकीच्यांच्या. आणि अलीकडच्या लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद असेल तर तो जपून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी कराल तेव्हा ट्रायग्लिसराइडचा आकडा शेजारी ठेवून बघता येईल.